आरशातला उजेड

१

आठवडाभर मी लोकांची तोंडं तपासते आणि सुट्टीच्या दिवशी बंदुका. काम दोन्हीकडे सारखंच: आत उजेड पाडायचा, नीट बघायचं आणि जे दिसेल ते भीड न धरता सांगायचं. दातांच्या दवाखान्यात लोक मला टरकून असतात, मैदानावर माझी टिंगल करतात. मला मैदान जास्त आवडतं.

आमच्या हिकरी फोर्डला दर ऑक्टोबरात, मका कापून झाला की, अमेरिकेच्या यादवी युद्धातली एक चकमक पुन्हा लढली जाते. निळ्या कोटातले उत्तरेचे एकीकडे, करड्या कोटातले दक्षिणेचे एकीकडे, मध्ये गवताचा रुंद पट्टा आणि दोरीमागे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेलं अख्खं गाव. निळ्यांच्या बंदुकांची जबाबदारी माझ्यावर असते. माझा नवरा डेल मात्र करड्यांत लढतो. त्याला त्यांचा काही पुळका नाही. त्या बाजूला माणसं कायम कमी पडतात आणि त्यांच्या तळावर जेवण बरं असतं, एवढंच. म्हणजे दर वर्षी माझे लोक माझ्याच नवऱ्यावर बार काढतात, आणि त्यातून धुराशिवाय काही बाहेर पडणार नाही हे बघायचं काम माझं.

म्हणून मी कडक आहे. आमच्या तुकडीत एकामागून एक बार काढणाऱ्या लिव्हरच्या बंदुका आहेत, अर्थात नव्याने घडवलेल्या नकला. मुख्य नळीखाली दुसरी नळी असते. तिच्यात काडतुसं एकापाठी एक बसतात आणि स्प्रिंगचा दट्ट्या त्यांना मागे ढकलत राहतो. दट्ट्याचं पितळी बोंड खालच्या फटीतून डोकावतं, त्यामुळे आत किती माल आहे ते बाहेरूनच कळतं. बोंड पार मागे टेकलं असेल तर नळी रिकामी. तरी मी विश्वास ठेवत नाही. काठी घालते, करंगळी घालते, आणि शेवटी दवाखान्यातला दात बघायचा जुना आरसा मागच्या खाचेत तिरका धरून नळीतून आरपार बघते. आरशात पलीकडचा उजेड गोल दिसला की मी दोन शब्द बोलते: "साफ. जा." ते "जा" कानावर पडल्याशिवाय रांगेतलं कोणी हलत नाही, कॅप्टन हिंकलसुद्धा नाही.

२

त्या शनिवारी सकाळी रांगेत शेवटचा रॉइस टॅकेट होता. रॉइसचं गावात औषधांचं दुकान आहे. तो डेलचा शाळेपासूनचा दोस्त, आणि मला छळणं हा त्याचा जोडधंदा.

"शिट्टीबाई, हात धुतलेत ना? नाही म्हणजे, लोकांच्या तोंडात घालता तेच बोट माझ्या बंदुकीत."

मागच्या वर्षी मैदानात एक कुत्रा शिरला म्हणून मी शिट्टी मारून लढाई थांबवली होती, तेव्हापासून हे नाव मला चिकटलं आहे.

"तुझ्या दातांपेक्षा तुझी बंदूक स्वच्छ असते," मी म्हणाले. "दे इकडे."

बंदूक नवी होती. इटलीतल्या कारखान्यातून खोक्यात बसून आलेली, बायकोने नाताळला घेऊन दिलेली. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मी स्वतःला पुन्हा पुन्हा हेच सांगितलं. तिला भूतकाळच नव्हता. तिने कोणाला मारलं नव्हतं, ती हातात धरून कोणी मेलं नव्हतं.

बोंड मागे टेकलेलं नव्हतं. एका काडतुसाएवढी जागा सोडून ते थांबलं होतं.

"आत काडतूस आहे, रॉइस."

"शक्य नाही. काल स्वयंपाकघरात पुसत बसलो होतो. विचार हवं तर बायकोला, तिचा टेबलक्लॉथ गेला त्यात."

मी बंदूक उलटी करून फटीत पाहिलं. काही नव्हतं. दट्ट्या आणि तळ यांच्यामध्ये नुसती हवा होती आणि दट्ट्या त्या हवेवर टेकला होता. अंगठ्याने दाबून पाहिलं तर बोंड किंचित दबलं आणि परत वर आलं, अगदी भरलेल्या बंदुकीत येतं तसं. लिव्हर मारली, काहीच बाहेर पडलं नाही. दट्ट्या वर ओढून काठी घातली, ती विनातक्रार तळापर्यंत गेली. दट्ट्या अलगद खाली सोडला. त्याच जागी येऊन तो थांबला आणि टिक् असा बारीक आवाज आला. धातू धातूला टेकल्याचा.

करंगळीला मागची खाच रिकामी लागली. आरशात उजेड गोल दिसला. मी मान्य करते की तिथे क्षणभर माझी मती गुंग झाली.

"स्प्रिंग वेडीवाकडी झाली असेल," रॉइस म्हणाला. "बघितलंस ना? सगळं साफ आहे. म्हण ना आता."

"नाही म्हणत."

"मार्लिस, सासूबाई आल्यात बघायला. पहिल्यांदाच. ओहायोहून."

"त्यांना सांग, शिट्टीबाईने अडवलं. माझ्यावर सोड सगळं."

तो चिडला, आणि चिडला की तो एकदम सभ्य बोलतो. "ठीक आहे, जशी आपली मर्जी," म्हणाला. तुकडीची एक जादा बंदूक होती ती मी तपासून त्याला दिली. त्याची बंदूक आमच्या पिकअपमध्ये सीटच्या मागे ठेवली, दार लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. माझ्या मते प्रश्न तिथे मिटला होता.

३

मैदानात कोणी कधी मरायचं हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर कोणी मरतच नाही. लांबून गाडी हाकत आलेला माणूस पहिल्या फैरीत गवतात कशाला आडवा होईल? म्हणून आमच्याकडे जन्माच्या महिन्यावर ठरतं. कॅप्टन ऑर्व्हिल हिंकल पेंड आणि खताचं दुकान चालवतात, पोती मोजायच्या आवाजातच ते मरणं वाटतात: मार्चवाले पहिल्या फैरीला, जुलैवाले कुंपणापाशी. एकदा पडलं की पडलं. मुंग्या चावोत, ऊन लागो, खिशातला फोन थरथरो, बिगुल वाजेपर्यंत उठायचं नाही. बिगुल वाजला की सगळे मेलेले एकदम उठून उभे राहतात, टोप्या काढतात आणि लोक टाळ्या वाजवतात. लहान मुलांना तो भाग सगळ्यात आवडतो.

डेल मरण्यात पटाईत. गेल्या खेपेला तो कुंपणावर इतका वेळ लोंबकळत राहिला की एका बाईने खरीच रुग्णवाहिका बोलावली. हे त्याला त्याच्या लग्नापेक्षा जास्त अभिमानाने सांगता येतं.

या वर्षी नोव्हेंबरवाल्यांचा, म्हणजे डेलचा, नंबर सगळ्यात शेवटी होता. "शेवटी मरायचं म्हणजे काय उपयोग?" दुपारी तो कुरकुरत होता. "तोवर लोक आइस्क्रीमच्या रांगेत जातात."

चर्चच्या बायकांकडून मी त्याच्यासाठी गूजबेरीची फळं भरून भाजलेल्या पायचा तुकडा घेतला होता. त्याची आवडती. त्याने कागद उघडून वास घेतला आणि परत माझ्या हातात दिला.

"ठेव, सार्जंट," तो म्हणाला; माझ्या कडकपणामुळे तो मला हेच म्हणतो. "मेल्यावर खातो."

लढाई सुरू झाली तेव्हा मी निळ्यांच्या रांगेच्या टोकाला, शिट्टी ओठांत धरून उभी होते. सगळं शिस्तीत चाललं होतं. लिव्हर भराभर चालवण्याच्या नादात नळ्या खाली यायला लागतात, म्हणून मी अधूनमधून "वर! वर धरा!" ओरडत होते आणि त्या वर जात होत्या. रॉइसची तर सगळ्यांत वर होती, माझ्यावरच्या रागाने तो जणू ढगांवर बार काढत होता.

बिनगोळीच्या काडतुसाचा आवाज बोथट असतो, गच्चीत कोणी जाड पांघरूण झटकावं तसा. खऱ्या गोळीच्या आवाजाला शेपूट असतं. चट्कन एक कडक चिरा पडतो आणि लांबत जातो. एकदा ऐकला की आयुष्यभर ओळखू येतो.

तो मी ऐकला. तो रांगेतून आला नाही. माझ्या पाठीमागून आला, गाड्या उभ्या होत्या तिकडून.

समोर डेल खाली बसला. गिरकी नाही, हात वर फेकणं नाही, काही नाही. घरी पलंगाच्या कडेवर बसतो तसा बसला आणि मग एका कुशीवर आडवा झाला. त्याची पाळी अजून यायची होती.

दोरीमागे लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो इतका सुंदर पडला होता की माझेही तळवे एकमेकांवर आले. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

४

मी शिट्टी मारली. पुन्हा मारली. रांगा थांबल्या, धूर तेवढा पुढे जात राहिला.

"आता कुठला कुत्रा?" रांगेतून रॉइसचा आवाज आला. दोघंतिघं हसले.

कॅप्टन हिंकल धावत आले. "काय गं, काय झालं?"

"खरी गोळी सुटली. मी ऐकली."

"मी नाही ऐकली."

"ऑर्व्हिल, मी ऐकली."

त्यांनी माझं ऐकलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. सगळ्यांनी लिव्हर उघडून बंदुका खाली ठेवल्या. जाता जाता मी बघितल्या, सगळ्या साफ होत्या. मग मी गवतात शिरले. गवत कमरेएवढं, पिवळं, वाळलेलं, चालताना सळसळत होतं. मेलेले इकडेतिकडे पडले होते आणि त्यांच्यातला एकही हलत नव्हता, कारण शिट्टीवर उठायचं नसतं. एकाने डोळा मारला.

डेलने डोळा मारला नाही. तो कुशीवर होता, गाल जमिनीला टेकलेला, तोंड अर्धवट उघडं. डोळे उघडे होते आणि समोरचं गवताचं एक पातं बघत होते.

"डेल, उठ. लढाई थांबवलीय."

तो उठला नाही. मी गुडघ्यांवर बसले. रक्त कुठे दिसत नव्हतं. करड्या कोटाला भोकं होती, पण ती कसरीची, त्यातली बरीच मीच रफू केलेली. एखादं जास्त होतं का, ते मला सांगता येणार नाही. मी दोन बोटं त्याच्या मानेवर ठेवली. तिथे काही लागलं नाही. बोटं सकाळपासून थंड लोखंडात घालून बधिर झाली असतील, असं मी मनाशी म्हणाले. जागा बदलली. तिथेही काही लागलं नाही.

"मार्लिस," कॅप्टन मागून दबक्या आवाजात म्हणाले, "लोक बघतायत. पोरं रडायला लागतील. आपण आवरतं घेऊ, उठवू सगळ्यांना."

"थांबा जरा. याला..."

"अगं, तो डेल आहे. तुझ्या नवऱ्याला तू ओळखत नाहीस? कुंपणावर अर्धा तास लटकलेला माणूस तो." आणि त्यांनी हात वर केला.

बिगुल वाजला. मैदानभर मेलेले उठायला लागले, पाठी चोळत, टोप्या शोधत. माझी बोटं डेलच्या मानेवरच होती. सूर लांबला तसा तो माझ्या हाताखालून उठून बसला, उभा राहिला आणि टोपी काढून लोकांना लवून नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी त्याला मिठी मारली. रडलेसुद्धा थोडी, आणि लोकांना तोही खेळाचा भाग वाटला.

"काय झालं होतं रे तुला? एवढ्या लवकर का पडलास?"

त्याने टोपी परत डोक्यावर ठेवली. "आठवत नाही," म्हणाला. "बिगुल ऐकला म्हणून उठलो."

५

गाड्यांपाशी रॉइस माझ्या आधी पोचला होता. बंदूक मागायला आला होता, थोडा वरमलेला.

"मघाशी कुत्र्याचं बोललो, मनावर घेऊ नकोस."

पिकअपचं दार बंदच होतं. मी किल्लीने उघडलं, सीटमागून बंदूक काढली आणि सवयीने आधी बोंड पाहिलं. ते पार मागे टेकलं होतं.

"बघ," रॉइस म्हणाला, "सुटली आपोआप. स्प्रिंगच होती."

नळी कोमट लागली. गाडी उन्हात होती, लोखंड तापणारच. खाचेत करंगळी घातली ती काळी होऊन बाहेर आली. पण मी दिवसभर बंदुकांतच बोटं घालत होते, ती काळी असणारच होती. सकाळी ती स्वच्छ होती का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पुढची काच शाबूत, बाजूच्या काचा शाबूत, पत्रा शाबूत. मी गाडीभोवती दोनदा फिरून पाहिलं.

"साफ?" रॉइसने विचारलं.

मी आरसा काढला नाही. बंदूक तशीच त्याच्या हातात दिली.

६

घरी जाताना गाडी डेल चालवत होता. पायचा तुकडा मी त्याच्या मांडीवर ठेवला होता. त्याने कागद उघडला, वास घेतला, परत मिटला. "नंतर," म्हणाला.

संध्याकाळचं ऊन कापलेल्या मक्याच्या खुंटांवर पडलं होतं. त्याने त्याच्या बाजूची काच खाली केली. वारा आत आला आणि त्याबरोबर एक बारीक घुमणारा आवाज सुरू झाला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली की होतो तसा. आधी मला वाटलं दाराचं रबर निघालं असेल. मी आवाजाच्या दिशेने कान केला. तो दाराकडून येत नव्हता, डेलकडून येत होता. त्याचं तोंड किंचित उघडं होतं.

"गुणगुणतोयस का?"

"नाही तर."

तो बोलला तेवढ्यापुरता आवाज थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. वारा वाढला की वाढत होता.

"काच वर कर, डेल. मला थंडी वाजतेय."

त्याने काच वर केली आणि गाडीत शांत झालं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला त्याच्याशी खूप बोलायचं होतं, तो माझ्या शेजारी बसलाय याचा आनंद मनात मावत नव्हता, आणि तरी घर येईपर्यंत मी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

रात्री तो शांत झोपला. मी खोलीतल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि पंखाही बंद केला.

७

त्या आठवड्यात डेलची दात साफ करायची वेळ ठरलेली होती, सहा महिन्यांपूर्वीच मी टाकून ठेवलेली. ती रद्द करावी असं मनात आलं. पण रद्द का करायची, याचं कारण मला स्वतःलाही द्यावं लागलं असतं. मी शहाणीसुरती बाई आहे. नवरा रोज उठतो, कामाला जातो, संध्याकाळी घरी येतो. जेवतो थोडं कमी, एवढंच.

तो वेळेवर आला, खुर्चीत बसला, मी त्याच्या गळ्याला कागदी फडकं बांधलं. आमची ती खोली लहान आहे. भिंत फिकट हिरवी, पडदे ओढलेले, खिडकीबाहेर बँकेचं पार्किंग. डॉक्टर पलीकडच्या खोलीत कोणाची तरी दाढ काढत होते, यंत्राची बारीक घरघर येत होती.

"हळू हं, सार्जंट," तो म्हणाला. "आणि रॉइसचा फोन होता. पुढच्या महिन्यात नदीपलीकडच्या गावात लढाई आहे. या वेळी शेवटपर्यंत उभा राहणार म्हणालो."

"बघू," मी म्हणाले. "आ कर."

मी खुर्ची मागे झुकवली, डोक्यावरचा दिवा खाली ओढला आणि आरसा आत घातला. मागच्या दाढा बघितल्या. खालची जुनी भरलेली दाढ, वरचा थोडा झिजलेला सुळा. सगळं ओळखीचं होतं. सगळं जागेवर होतं. हात सवयीने पुढे जात होता. जिभेच्या मागे नेऊन मी आरसा तिरका धरला.

आरशात उजेड दिसला. गोल.

तो माझ्या दिव्याचा नव्हता. माझा दिवा पांढरा आहे. हा पिवळट होता, दुपार कलल्यानंतरचा. मी दिवा बाजूला सारला तरी तो तसाच राहिला. मी वाकले. त्या गोलात, खूप जवळ, गवताचं एक वाळलेलं पातं होतं. ते हललं. कुठेतरी पाऊल पडल्यासारखी सळसळ झाली आणि पातं पुन्हा स्थिर झालं.

मी आरसा बाहेर काढला. डेल माझ्याकडे बघत होता. त्याला काही कळलं होतं असं नाही. पण काहीतरी विचारायचं राहून गेलं असावं अशी त्याची नजर होती. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या, दिव्यामुळे असेल.

"साफ?" त्याने विचारलं.

पलीकडे यंत्र थांबलं होतं. मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. हात नेहमीसारखा जड होता, आणि त्याने माझी बोटं धरली.

"साफ," मी म्हणाले.

तो रांगेतल्या माणसासारखा वाट बघत पडून राहिला. माझ्या दोन शब्दांतला दुसरा सवयीने माझ्या जिभेवर येऊन थांबला होता. मी दात घट्ट मिटले आणि त्याचा हात धरून तशीच बसून राहिले.